बहिणीच्या नावावरचा पगार

प्रसेनजीत सोनुले नोकरीत होता तोवर इन्कम टॅक्सशी त्याचा संबंध फक्त पगाराच्या पाकिटापुरता. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो ड्राफ्ट्समन होता. साहेब सांगेल त्या सुट्या भागाचं ड्रॉइंग काढायचं आणि महिन्याच्या महिन्याला पाकीट घ्यायचं. कर कापायचा तो ऑफिसनंच कापलेला असायचा. सत्त्याण्णव साली त्यानं नोकरी सोडली, कोल्हापुरात शिवाजी पेठेत निवृत्ती चौकाच्या अलीकडं एक खोली भाड्यानं घेतली, ड्रॉइंग बोर्ड मांडला आणि स्वतःचं काम सुरू केलं. मुरगूडच्या सोनुल्यांत स्वतःच्या नावाची पाटी लावणारा तो पहिलाच. आई मुद्दाम मुरगूडहून एस्टीनं आली, पाटीवरून हात फिरवला आणि चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीला गेली. म्हणाली, "बघायचं होतं तेवढं बघितलं."

कामाला तोटा नव्हता. फौंड्रीवाले होते, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारे होते; ह्याचा हात सफाईदार आणि शब्दाला पक्का. दोन वर्षांत ड्रॉइंग बोर्ड भिंतीला लागला आणि टेबलावर कॉम्प्युटर आला, कर्ज काढून का होईना.

पहिल्या वर्षाचा हिशेब घेऊन तो लक्ष्मीपुरीत मीरासाब अत्तार ह्या करसल्लागाराकडं गेला. जिना चढून गेलं की दोन टेबलांचं ऑफिस. मीरासाब पन्नाशीचे, बोलायला रोखठोक. त्यांनी कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. ह्या तिन्ही वेळचं काय भरलंयसा का?"

"काय भरायचं असतंय?"

"आगाऊ कर. नोकरदाराचा कर त्याचं हापिस कापतंय. तुमचं हापिस कोण? तुम्हीच. तवा वर्षाची कमाई किती होईल ह्याचा अंदाज करायचा आणि त्याचा कर तीन हप्त्यांत आधीच भरायचा. न्हाय भरला तर व्याज."

"पण कमाई व्हायच्या आधी अंदाज कसा करायचा, भाई?"

"घरात सैपाक करताना बाई तांदूळ मापतीच की. कोण पावणं येणार ते तिला कुणी सांगितल्यालं असतंय का?"

त्या वर्षी व्याज भरावं लागलं. तेव्हापासून प्रसेनजीत दर सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिना चढायला लागला. झालेली कामं, हातात असलेली कामं आणि येतील अशी वाटणारी कामं तो सांगायचा. मीरासाब आकडा काढायचे, चलन भरून द्यायचे आणि प्रसेनजीत स्टेट बँकेच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. मीरासाबांचा एकच दंडक होता. "अंदाज चुकला तर चालतोय. खोटा नको. खोटं सांगायचं असंल तर दुसरा जिना बघा."

दोन हजार एकच्या मे महिन्यात त्याची धाकटी बहीण प्रीती कुरुंदवाडहून परत आली. बरोबर तीन वर्षांची शिवानी आणि एक पत्र्याची ट्रंक. नवरा रत्नपाल साखर कारखान्यात फिटर. त्यानं जयसिंगपुरात दुसरं घर केलं होतं आणि प्रीतीला ते शेजारणीकडून कळलं होतं. प्रसेनजीतनं ट्रंक स्वतः उचलून आत ठेवली. "ह्या घरातनं तुला कुणी जा म्हणायचं न्हाय," तो म्हणाला, आणि ते त्याच्या मनातलंच होतं. त्याची बायको सुजाताही चांगली होती. तिनं शिवानीला आपल्या मुलाच्या ताटात जेवायला बसवलं.

त्या सप्टेंबरात कमाईचा अंदाज पहिल्यांदाच भरपूर निघाला. पण कॉम्प्युटरचा हप्ता चालू होता, घरात दोन माणसं वाढली होती आणि कराच्या हप्त्याचा आकडा प्रसेनजीतला परवडणारा नव्हता. त्याच्यासारखंच काम करणाऱ्या एकानं चहाच्या गाड्यावर कानमंत्र दिला होता. बायकोला पगार दाखवून उपयोग नाही, तो फिरून नवऱ्याच्याच कमाईत धरतात. पण बहिणीला दाखवला तर तेवढी कमाई आपल्या डोक्यावरनं उतरते. तिचा आकडा कराच्या मर्यादेखाली ठेवायचा, म्हणजे तिलाही काही भरावं लागत नाही.

"बहीण माझ्याकडंच काम करती आता," तो मीरासाबांना म्हणाला. "महिन्याला चार हजार देतो."

मीरासाबांनी मान वर केली. "खरंच करती?"

"करती की. ट्रेसिंग करती, प्रिंट काढती, फोन घेती."

प्रीती त्या खोलीत आजवर आली होती ती डबा द्यायला. पण प्रसेनजीतच्या तोंडातून हे सगळं न अडखळता बाहेर पडलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग हरकत न्हाय," मीरासाब म्हणाले. "घामाचा पैसा दाखवायला कसली भीती? फकस्त महिन्याच्या महिन्याला द्या, सही घ्या, आणि तिचंबी रिटर्न भरून टाकू."

संध्याकाळी प्रीती भाकरी थापत होती. त्यानं कागद पुढं धरले.

"काय हाय रे, दादा?"

"कराच्या कामाचं हाय. तुला काय तोशीस न्हाय."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि तो बोट ठेवील तिथं सही केली. वाचलं नाही. आठवीत असताना शाळेच्या सहलीचा कागद भरायला तिला ह्यानंच शिकवलं होतं. तो पुढं धरील ते वाचायची तिला गरज काय?

असं दर महिन्याला होऊ लागलं. एकदा थंडीत शिवानीला खोकला झाला. प्रसेनजीत बाहेरच्या खोलीत चपला घालत होता आणि आतून प्रीतीचा आवाज आला. ती सुजाताजवळ औषधासाठी वीस रुपये मागत होती, हळू आवाजात, मागणारा माणूस मागतो तशी. सकाळीच तिनं चार हजार मिळाल्याची सही केली होती. प्रसेनजीतनं चपला पुन्हा काढल्या. तो आत गेला, पन्नासची नोट तिच्या हातात कोंबली आणि ती "एवढं कशाला?" म्हणेपर्यंत बाहेर पडला. दिवसभर त्यानं स्वतःची समजूत घातली. खाणं आपलं, राहणं आपलं, पोरीची शाळा आपल्याकडं. तिच्यावर चार हजार खर्च होतच असतील. हिशेब जुळत होता, मन मात्र कुरकुरत राहिलं.

पुढच्या वर्षी प्रीतीनं नवऱ्यावर पोटगीचा दावा लावला. स्वतःसाठी महिना हजार आणि शिवानीसाठी पाचशे. वकील होत्या नजीरा मोमीन. बाई तरुण, पण कामात चोख. त्यांनी प्रीतीला विचारलं, "कमाईचं काही साधन?" प्रीती म्हणाली, "न्हाय." तिला खरंच माहीत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर प्रसेनजीत होता. तो गप्प बसला. इन्कम टॅक्स कुठं आणि पोटगी कुठं, दोन्हीची गाठ कशाला पडतेय, असं त्याला वाटलं.

गाठ त्यानंच मारून दिली. कागलला नात्यातलं लग्न होतं. मांडवात लांब बायकांत बसलेल्या प्रीतीकडं बघून कुणीतरी हळहळलं, "पोरगी भावाच्या अंगावर पडली." ते शब्द प्रसेनजीतला झोंबले. तो चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "अंगावर कशानं? माझ्या हापिसात काम करती ती. चार हजार पगार हाय, टॅक्सचं रिटर्न भरती!" वाजंत्र्यांच्या गोंगाटात प्रीतीला ते ऐकू गेलं नाही, पण मांडवात कुरुंदवाडचेही लोक होते. मांडव उतरायच्या आधी बातमी रत्नपालच्या घरी पोचली असणार.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या कोर्टात प्रीतीची उलटतपासणी झाली. रत्नपालचा वकील वयस्कर आणि गोड बोलणारा.

"बाई, तुम्ही भावाच्या ऑफिसात काम करता म्हणे?"

प्रीती गोंधळली.

"तुमचे भाऊच लग्नात सांगत होते. बरं, ते राहू द्या. तुमच्या नावानं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं जातं की नाही? सही तुमचीच असते ना?"

तेव्हा तिला उमगलं. पिठाच्या हातानं केलेल्या सगळ्या सह्या तिच्या डोळ्यांपुढं आल्या असतील. तिनं मान वळवून मागं पाहिलं. तिसऱ्या बाकावर प्रसेनजीत बसला होता. नुसती मान हलवली असती, उभा राहिला असता, एवढं जरी म्हणाला असता की साहेब, ते माझं काम आहे, तरी पुढचं सगळं वेगळं झालं असतं. त्यानं नजर खाली घातली आणि स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला.

"व्हय," प्रीतीचा आवाज आला. "भरते."

"म्हणजे कमावता."

"व्हय."

नजीरा मोमीन बाहेर आल्या त्या संतापूनच. "प्रीती, मला हे आधी का नाही सांगितलंस? मी काय तोंडघशी पडायला उभी आहे का?" प्रीती म्हणाली, "चुकलं, मॅडम." प्रसेनजीत हातभर अंतरावर होता. तोंड उघडायला त्याला दुसरी संधी मिळाली होती, तीही त्यानं घालवली. घरी येताना प्रीती एवढंच बोलली, "शिवानीला आणायची येळ झाली."

माणूस घाबरला की आणखी चुकतो. डिसेंबरच्या हप्त्याला प्रसेनजीत जिना चढून गेला. मीरासाबांनी विचारलं, "बहिणीचं नेहमीसारखंच न्हवं?" आणि तो म्हणाला, "नेहमीसारखंच." मग तो बँकेच्या रांगेत जाऊन उभा राहिला. चलन भरून पावती खिशात घातली, बाहेर येऊन गाड्यावर लिंबूपाणी घेतलं, तेही अर्धंच. त्या दिवसांत घरी त्याला जेवण जाईना. प्रीती ताट वाढायची, वर आमटी हवी का विचारायची. पहिल्यासारखंच. तिनं ओरडावं, भांडी आपटावी असं त्याला वाटे. ती तसलं काही करत नव्हती. फक्त सहीचे कागद त्यानं पुन्हा पुढं धरले नाहीत आणि तिनंही विचारले नाहीत.

फेब्रुवारीत निकाल लागला. शिवानीला पाचशे मंजूर. अर्जदार स्वतः कमावती असल्यानं तिचा अर्ज नामंजूर.

त्या दिवशी दुपारी सुजाता मुलाला घेऊन माहेरी गेली होती. प्रीती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"दादा, त्या कागदात मला पगार किती हाय रे?"

"चार हजार."

"म्हयन्याला?"

"हं."

"आणि मी त्याच्याकडं हजार मागत होतो." कोल्हापुरी बायका स्वतःला 'होतो' म्हणतात तसं ती बोलली आणि हसली. त्या हसण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"प्रीते, मला वाटलं न्हवतं असं..."

"मलाबी वाटलं न्हवतं. मी तुझ्याकडं बघितलं, दादा. तू खाली बघितलास." तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मार्चचा हप्ता आला. त्या वेळी प्रसेनजीत मीरासाबांपुढं बसला आणि अंदाज सांगायच्या आधीच म्हणाला, "भाई, बहीण माझ्याकडं काम करत न्हाय. कधीच करत न्हवती."

मीरासाबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला इचारलं होतं. तोंडावर इचारलं होतं."

"व्हय."

"माझी सही हाय त्या कागदावर. तुम्ही सरकारला फसवलं ते सरकार बघंल. मला कशापायी फसवलं?"

प्रसेनजीतनं मग सगळं सांगितलं. खोकल्याचं औषध, कागलचा मांडव, तिसरा बाक. मीरासाबांचा राग उतरला नाही, पण त्यांनी कपाटातनं जुन्या फायली काढल्या. दोन्ही वर्षांची रिटर्नं सुधारून भरता येत होती. जुन्या वर्षाची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीस संपत होती. बहिणीचा पगार पुन्हा ह्याच्या कमाईत धरायचा, राहिलेला कर भरायचा, तिन्ही हप्ते कमी भरल्याचं व्याज भरायचं. चालू वर्षाचा अंदाजही नव्यानं मांडायचा. सतरा इंची नवा मॉनिटर विकून आणि सुजाताचं गंठण गहाण ठेवून पैसे उभे राहिले. शेवटचं चलन भरून देताना मीरासाब म्हणाले, "पुढच्या वर्षापास्नं दुसरा माणूस बघा, सोनुले." प्रसेनजीत मान डोलावून जिना उतरला. पुढं खात्याची नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, थोडा दंडही बसला. दंडाचा आकडा वाचून वाईट वाटायच्या ऐवजी, आणखी असता तर बरं झालं असतं, असंच त्याच्या मनात आलं.

ते कागद घेऊन तो नजीरा मोमीनकडं गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही आता खरं सांगणार. ठीक आहे. पण मग ती शपथेवर खोटं बोलली असं होतं, कळतंय का तुम्हाला? तुमचा दोष तिनं अंगावर घेतलाय. आता तो सोलून काढायचा म्हणजे तिचीही कातडी निघणार."

हा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता. खरं बोललं की सुटलो, अशा समजुतीत तो आला होता.

"मग काय करू, मॅडम?"

"मला नका विचारू. तिला विचारा. दोन वर्षांत एकदा तरी तिला विचारा."

प्रीतीनं ऐकलं आणि बराच वेळ शिवानीच्या वेणीत रिबीन गुंतवत राहिली. मग म्हणाली, "मी उभारलो तिथं एकदा. आता तू उभार. मला काय व्हायचं असंल ते हू दे, पण सगळ्यांच्या म्होरं सांग. लग्नात वरडून सांगितलास न्हवं? तसंच."

प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि भावाची साक्ष घ्या म्हणून खाली परत आलं. त्यात वर्ष गेलं. तेवढ्यात प्रीतीनं राजारामपुरीत लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडं पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम धरलं. पगार चौदाशे. पहिला पगार तिनं घरात कुणाला दाखवला नाही, आणि कुणी विचारलाही नाही.

साक्षीच्या दिवशी प्रसेनजीत पिंजऱ्यात उभा राहिला. पगार खोटा होता, बहिणीला एक पैसा दिला नव्हता, काय आहे हे न सांगता सह्या घेतल्या होत्या, सगळं सांगितलं. तो गोड बोलणारा वकील पुढं सरकला.

"म्हणजे तुम्ही करचोर."

"व्हय."

"आणि तुमची बहीण ह्याच कोर्टात शपथेवर खोटं बोलली."

"मला वाचवायला बोलली. मी तिथं बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली."

"हे आता बहिणीला पोटगी मिळवून द्यायला बोलताय."

"कायबी म्हणा, साहेब."

न्यायाधीशांनी त्याला चार शब्द सुनावले, ते त्यानं हात जोडून ऐकले. प्रीतीला त्यांनी एवढंच विचारलं, "हे खरं आहे?" ती "व्हय" म्हणाली. त्यांनी तिला समज दिली आणि पुढची कारवाई केली नाही. निकालात प्रीतीला महिना सातशे मिळाले, पण आदेशाच्या तारखेपासून. मागची सगळी वर्षं पाण्यात गेली. प्रसेनजीत तेवढे पैसे स्वतः द्यायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, "त्ये तुझं देणं न्हाय, त्याचं होतं. तुझं देणं पैशानं फिटायचं असतं तर मी कवाच मागितलं असतं."

दोन हजार पाचच्या जूनमध्ये तिनं साकोली कॉर्नरजवळ एक खोली बघितली. घरी सांगितलं ते सगळं ठरल्यावर. सुजाता रडली. प्रसेनजीत म्हणाला, "मी बोललो होतो, ह्या घरातनं जा कुणी म्हणायचं न्हाय."

"कोण म्हणतंय?" प्रीती म्हणाली. "माझी मीच निघालोय."

रिक्षात सामान मावेना म्हणून गॅसची शेगडी त्यानं खांद्यावरनं नेली. खोली पहिल्या मजल्यावर होती आणि गॅलरीतनं तालमीचं पटांगण दिसत होतं. त्यानं खिळे ठोकले, बल्ब लावला, दाराची कडी नीट बसत नव्हती ती बसवून दिली. काम संपल्यावर कुठं उभं राहायचं ते त्याला कळेना. तो दारातच घुटमळला.

"बस की," प्रीती म्हणाली. "चहा ठेवलाय."

चहात साखर जरा जास्त झाली होती. दोघंही त्यावर बोलले नाहीत. शिवानी गॅलरीच्या गजांतून खाली बघत होती. तिनं मागं न वळता विचारलं, "मामा, उद्या येणार?"

त्यानं प्रीतीकडं पाहिलं. ह्या वेळी नजर काढून घेतली नाही. ती कपबश्या गोळा करत होती.

"यील की," ती शिवानीला म्हणाली. "लांब हाय व्हय?"